शुगरचं ऑपरेशन आणि ग्रुपवरचा फॉरवर्ड

सिद्धेश्वर तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आमच्या ग्रुपवर परवा परत तेच फिरलं: “वजनाच्या ऑपरेशननंतर माणूस उपाशी राहतो म्हणून साखर उतरते. हार्मोनबिर्मोन थापा. पण शुगर कायमची जाते, गोळ्या टाकून द्या. मात्र सव्वाशे किलोच्या खालच्यांनी नाद करू नये.”

उपाशी राहण्याचं निम्मं खरं आहे. सुरुवातीला पातळ पदार्थांवरच राहावं लागतं, त्यानेही साखर उतरते. 2020 च्या एका अमेरिकन अभ्यासात नुसत्या डाएटने सुमारे 18 टक्के वजन उतरवलेल्यांची साखरही बायपासवाल्यांइतकीच सुधारली होती (हे बायपास हृदयाचं नव्हे; जठर लहान करून अन्नाची वाट वळवणारं वजनाचं ऑपरेशन). पण डाएटवर वजन उतरलं की घ्रेलिन हा भुकेचा हार्मोन वाढतो आणि माणूस परत डब्यांकडे वळतो. खरी गोम इथे आहे. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये घ्रेलिन जिथे जास्त तयार होतं, तो जठराचा वरचा भागच काढतात. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं. तिथल्या पेशी जेवणानंतर जीएलपी-1 हा हार्मोन पूर्वीच्या कितीतरी पट सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणतं. शुगर आणि वजनासाठी देतात ते सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन याचीच नक्कल.

आमचे दाजी ऑपरेशनआधी एका बैठकीला तीन कडक भाकऱ्या मोडायचे. आता अर्धी भाकरी, शेंगाचटणी, वर दही, की ताट सरकवतात, “बास, जात नाही.” उपाशी माणूस असं बोलत नाही हो!

‘कायमची’ मात्र साफ खोटं. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी 72 टक्के मधुमेही रेमिशनमध्ये होते, दहा वर्षांनी 36 टक्के. रेमिशन म्हणजे औषध बंद करून निदान तीन महिने एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 6.5 टक्क्यांच्या खाली. मधुमेह जितका जुना, तितकी ही शक्यता कमी. औषधं कमी करायची ती डॉक्टरांनी, साखर मोजून. डोळ्यांच्या पडद्याची आणि किडनीची तपासणी चालूच ठेवायची.

सव्वाशे किलोंचं म्हणाल, तर 2022 पासूनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 27.5 पासून ऑपरेशनचा विचार होतो. साडेपाच फुटी माणसाचे ते जेमतेम 77 किलो.

फॉरवर्ड दाजींनाही आला होता. लोह, कॅल्शियम आणि बी-12 ची पाकिटं टेबलावर मांडत म्हणाले, “ह्या जन्मभराच्या सांगितल्यात. ह्यापण टाकू का?”