शेजाऱ्याचं पोर आता जिनिव्हाला राहतं

आमच्या लहानपणी तुलनेला शेजारचं एकच पोर असायचं. माझ्या वाट्याला आलेला मुलगा वरच्या मजल्यावर राहायचा, दरवर्षी पहिला यायचा आणि तीसपर्यंत पाढे म्हणायचा, पण निदान त्याला सायकल येत नव्हती, तेवढ्यावर मी दहावीपर्यंत तग धरला. आता यूट्यूबमुळे अख्ख्या जगातली पोरं शेजारी राहायला आलीयेत.

झालं असं की आमच्या चिरंजीवांचं स्केटिंग, चेस आणि अबॅकस सोडून झालं होतं म्हणून व्हायोलिन लावलं. वय अकरा. दोन वर्षं झाली, पण अजून जुन्या गोदरेज कपाटाचं दार उघडल्यासारखा आवाज येतो. व्हायोलिनच्या गजाला चोळायची राळ, म्हणजे रॉझिन, हा तर कॅरमची पावडर असल्यासारखं वापरतो, सोफ्यावर सगळीकडे पांढरं. समोरच्या काकू एकदा फार काळजीने विचारून गेल्या, "मांजर पाळलंय का हो?"

म्हटलं मुलाला जरा प्रेरणा द्यावी, म्हणून त्याला मेन्युहिन स्पर्धेचे व्हिडिओ लावून दिले. ही बावीस वर्षांच्या आतल्या व्हायोलिनवाल्यांची स्पर्धा, यहुदी मेन्युहिन नावाच्या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकाने १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या फोकस्टनला सुरू केली आणि मग ती दर दोन वर्षांनी गाव बदलत फिरायला लागली, ऑस्लो, बीजिंग, ऑस्टिन, लंडन. २०१८ ला जिनिव्हात होती. त्यात सोळाच्या आतल्या गटात पहिलं बक्षीस दोघांत वाटून दिलं, सिंगापूरची क्लोई चुआ, वय अकरा, आणि ऑस्ट्रेलियाचा ख्रिश्चन ली, वय दहा! विवाल्डी या जुन्या इटालियन संगीतकाराच्या 'चार ऋतू' या रचनेतला तिने हिवाळा वाजवला न् त्याने उन्हाळा, मागे मोठ्ठी माणसं ऑर्केस्ट्रा घेऊन बसलीयेत आणि पुढे हे एवढंसं पोर डोळे मिटून. माझ्या अंगावर काटा आला. चिरंजीव चिवडा खात होते.

"बघ, तुझ्याच वयाची आहे," मी म्हटलं. (हे वाक्य मी आयुष्यात कधी बोलणार नाही अशी शपथ घेतली होती, वरच्या मजल्यावरच्या पोरामुळेच.)

"हो, पण त्यांच्याकडे हिवाळा-उन्हाळा आहे, आपल्याकडे पावसाळा आहे," तो म्हणाला. आणि हे मात्र खरं होतं हो! जुलैच्या दमट हवेत व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अशा घट्ट बसतात की सूर लावताना दोन्ही हातांनी जोर करावा लागतो, परवा मी तसा केला आणि सगळ्यात बारीक तार फाटकन तुटून माझ्याच बोटाला लागली. नवी तार आणायला लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये गेलेली संध्याकाळ वेगळीच.

हार मानेन तर बाप कसला. मी आमच्या पुण्याचं हुकमी पान काढलं. म्हटलं, अरे हाच मेन्युहिन सातव्या वर्षी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत होता, पण पुढे अंग आखडलं, झोप उडाली, तेव्हा १९५२ मध्ये मुंबईत त्याला भेटले कोण, तर आपले पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार! पाचच मिनिटं देतो म्हणाला होता, त्यांनी शवासनात झोपवलं तर हा गडी खरंच झोपून गेला असं सांगतात. नंतर त्याने त्यांना स्वित्झर्लंडला नेलं आणि घड्याळ भेट दिलं, त्यावर कोरून घेतलं, माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास.

चिरंजीवांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. मला वाटलं, लागला बाण.

"म्हणजे त्याचे बेस्ट व्हायोलिन टीचर योगाचे सर होते?"

"हो, तसं म्हणजे..."

"मग मी आधी योगा करतो, व्हायोलिन नंतर."

आता याला काय उत्तर देणार, पुरावा मीच दिलेला. शेवटी मांडवली झाली, रोज संध्याकाळी अर्धा तास दोघांनी मिळून योगासनं आणि मग अर्धा तास व्हायोलिन. पहिल्याच दिवशी ताडासनात माझ्या कमरेतून जो आवाज आला तो ऐकून तो म्हणाला, "बाबा, तुम्हालाच रॉझिन लावायला पाहिजे." मग शवासनाला आडवे झालो.

पुढचं मला हिच्याकडून कळलं. सव्वासातला ही ऑफिसातून आली तर हॉलमध्ये दिवे बंद, व्हायोलिन पेटीत, पेटीला कडी, आणि चिरंजीव ओठावर बोट ठेवून उभे, "आई, आज प्रॅक्टिस नाही, बाबांचा मेन्युहिन झालाय."