'म'वर फुली

काल पत्रपेटीवरची लाल चिकटपट्टी खरवडून काढली, तर तिच्यासोबत 'म'ही निघून आला. आमचं घराणं आता, इंग्रजीत का होईना, 'अहाजन'.

आम्ही ओहायोतल्या कोलंबसचे. इथे ओहायो स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ म्हणजे ग्रामदैवत आणि शेजारच्या राज्यातलं मिशिगन विद्यापीठ म्हणजे बांधावरचं भाऊबंदकीचं भांडण. त्यांची मॅच आली की विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या 'एम'वर लाल फुल्या पडतात. पोरांनी माराव्यात. पण शेजारच्या पंचाहत्तरीच्या आजोबांनी माझ्या पेटीवर?

"हा एम मिशिगनचा."

"महाजनचा आहे."

"या आठवड्यात नाही."

अकरा वर्षं ते मला 'माइक' म्हणतात. मुकुंद त्यांच्या कवळीत बसत नाही. त्या आठवड्यात 'म' वर्ज्य, म्हणून कुंपणापलीकडून सकाळ-संध्याकाळ "आइक!" आणि मी मराठी माणूस, ऐकत राहिलो.

30 नोव्हेंबर 2024ला पाहुणे यायचे होते, म्हणून सकाळी पट्टी काढली. दुपारी लाखावर लोकांसमोर, घरच्या मैदानात, देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ क्रमवारीतही नसलेल्या मिशिगनकडून 13-10ने हरला. सलग चौथ्यांदा! आपल्या किकरने दोन किक बाहेर घालवल्या. (चार तासांच्या या 'फुट'बॉलमध्ये चेंडूला पाय लागतो कधीमधी, तोही असा.) आजोबा आले. ओरडले असते तर परवडलं असतं. पिंडाला कावळा शिवेना अशा चेहऱ्याने पेटीकडे बघत राहिले.

"पट्टी कुठंय, आइक?"

वाद काय घालणार? 2011च्या वर्ल्डकप फायनलला मीच वडिलांना स्वयंपाकघरात उभं करून ठेवलं होतं, ते बाहेर आले की विकेट जाते म्हणून.

मग पट्टी परत लागली, या खेपेला तीन पदरी. आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या बाद फेरीत ही माणसं जिंकत सुटली! टेनेसी 42-17. ऑक्टोबरात एका गुणाने हरवणारं ऑरेगन 41-21. टेक्सास 28-14. 20 जानेवारीला नोत्र दामला 34-23ने हरवून राष्ट्रीय विजेते. दोन विषयांत नापास होऊन बोर्डात पहिला यावा, तसं. आजोबा माझ्या पेटीला मिठी मारून रडले. मला नाही, पेटीला.

मधल्या काळात बदली पोस्टमनने 'अहाजन' कोण ते न कळून विजेचं बिल परत पाठवलं. उशिराचा दंड मी भरला. आजोबा त्या विद्यापीठात एक दिवसही शिकलेले नाहीत, पण विजय त्यांचा आणि दंड माझा. बायको म्हणते, "म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं?" तिच्या नावात 'म' नाही.

आज हार्डवेअरच्या दुकानात गेलो. सुटा 'एम' मिळत नाही, सव्वीस अक्षरांचं पाकीटच घ्यावं लागतं. घेतलं. पेटीपुढे वाकून चिकटवत होतो, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"कशाला दमतोस, आइक? ऑगस्टात परत टेक्सास येतंय."