कातडी पूर्ण आहे म्हणून थांबू नका

ठाण्यातल्या आयांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय: "बाळाच्या शूच्या जागेची कातडी पूर्ण असेल तर हायपोस्पेडियास नसतोच. बाक असेल तर आई ग्रहणात विळीवर बसली असणार. रोज तेल लावून चोळा, सरळ होईल. नाही झालं तर सुंता करा." हायपोस्पेडियास म्हणजे मुलग्याच्या शूचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असणं, हा जन्मजात दोष; बाक म्हणजे शूची जागा वाकलेली असणं. मी नर्स आहे. लसीकरणाच्या रांगेत एका आईने तो मला दाखवला तेव्हा तिचे डोळे भरले होते. ती विळीवर बसली होती.

म्हणून आधी तेच. मूत्रमार्गाची नळी गर्भात साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात जुळते. तिला ग्रहण लागलं सातव्या महिन्यात. आणि ते आधी लागलं असतं तरी विळीने काही बिघडत नाही. बाई, तुमची चूक नाही.

आता कातडी. नेहमीच्या हायपोस्पेडियासमध्ये छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असतं, कातडी खालून अपुरी आणि वर टोपीसारखी गोळा झालेली. जन्मतःच कळतं. पण मेगामीटस या दुर्मिळ प्रकारात कातडी चहूबाजूंनी पूर्ण असते आणि रुंद, पसरट छिद्र तिच्याआड लपतं. कातडी आपोआप मागे सरकू लागेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. (ओढून बघू नका, जखम होते.) या प्रकारात बाक सहसा नसतो, क्वचित असतो. तेव्हा कातडी पूर्ण आणि तरी बाक, हे तर दाखवायलाच हवं.

तेलाने काही होत नाही. खालची बाजू वरच्यापेक्षा आखूड राहिलेली असते, चोळून ती वाढत नाही. किरकोळ बाकाला काही करावंही लागत नाही, पण ते तपासणाऱ्याने ठरवायचं. शस्त्रक्रिया लागलीच तर भूल दिल्यावर सलाइन भरून बाक मोजतात; 30 अंशांच्या आतला बहुधा वरच्या बाजूला टाके घालून सरळ होतो. शस्त्रक्रियेचं वय साधारण 6 ते 18 महिने.

सुंतेचा सल्ला मात्र सगळ्यात घातक. दुरुस्तीला हीच कातडी लागू शकते. मुंब्र्याच्या आयांनाही मी हेच सांगते: शंका असेल तर सुंता थांबवा, आधी बालशल्यचिकित्सकांना दाखवा. मुंबईत परळचं मुलांचं वाडिया रुग्णालय ठाण्याहून लांब नाही.

ती आई सोमवारी गेली. मेसेज पाठवणाऱ्या जाऊबाईंना सोबत घेऊन.