पैसा आपला शे का बँकना?

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमेरिकेहून माहेरी गेले, नऊ वर्षांनी. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. दारातल्या निंबाला झोका, घरात आमरस आणि सांजोऱ्या, आणि रात्री जेवणं उरकली की ओट्यावर खाटा टाकून गप्पा. तिसऱ्या रात्री वाद पेटला तो भाच्याच्या क्रेडिट कार्डावरून. तो नुकताच पुण्याला नोकरीला लागलाय आणि पहिल्या पगाराच्या आधीच बँकेचा फोन आला होता, कार्ड घ्या म्हणून.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अहिराणीत एकच प्रश्न विचारला, "पैसा आपला शे का बँकना?"

"बँकना," भाचा म्हणाला.

"मंग ती उधारी शे."

भाऊही नानांच्या बाजूने. त्याचं म्हणणं, डेबिट कार्ड आहे ना, मग खात्यात आहे तेवढंच खर्च कर. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेऊ नये, हा ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश त्या निकालाने रद्द झाला. भावाने ती बातमी तेव्हाच घरच्या ग्रुपवर टाकली होती आणि आता तीच पुन्हा काढली. भाचा माझ्याकडे वळला, "आत्या, तू तर तिकडे सगळं क्रेडिटवरच घेतेस ना?"

हो, घेते. पण त्या रात्री मला ते नीट सांगता आलं नाही. माझं उत्तर एका वाक्याचं नाही आणि ते अमेरिकेतून उचलून अमळनेरला जसंच्या तसं ठेवताही येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ओहायोत आले तेव्हा किराणा दुकानाच्या गल्ल्यावर रोज तोच प्रश्न कानावर पडायचा, "डेबिट ऑर क्रेडिट?" कार्ड एकच, बँकेच्या खात्याचं, डेबिटचं, तरी प्रश्न दोन पर्यायांचा. मी दर वेळी "डेबिट" म्हणायचे. नानांच्या घरात वाढलेल्या पोरीच्या तोंडून दुसरं काय येणार? क्रेडिट म्हटलं तर कुणीतरी आपल्या नावाने कर्ज लिहील, अशी भीती वाटायची. आमच्याकडे खत-बियाण्याच्या दुकानातली लाल कापडी वही मी लहानपणापासून पाहिलेली. जून महिना लागला की तिच्यात नानांच्या नावे रकमा पडायला लागायच्या आणि कापूस विकला की त्यांच्यापुढे जमा लिहिली जायची. त्यामुळे 'नावे' हा शब्दच मला जड वाटतो.

खरं असं होतं की डेबिट कार्डावर क्रेडिटचं बटण दाबलं तरी कर्ज होत नाही. पैसे खात्यातूनच जातात, फक्त वाट बदलते. डेबिट म्हटलं की पिन द्यायचा, आणि वर गल्ल्यावरून वीस-चाळीस डॉलर रोखही मागून घेता येतात. तिकडे कॅशबॅक म्हणतात ते यालाच. क्रेडिट म्हटलं की व्यवहार व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून जातो आणि पूर्वी पिनऐवजी सही लागायची. २०१८ पासून कार्ड कंपन्यांनी सहीची सक्तीही काढून टाकली. आता काही मशीनवर 'यूएस डेबिट' आणि 'व्हिसा डेबिट' अशा दोन ओळी दिसतात, तो त्याच जुन्या प्रश्नाचा उरलेला भाग. बटणाने फरक पडतो तो मुख्यतः दुकानदाराला. मोठ्या बँकांनी डेबिटवर घ्यायच्या शुल्कावर २०११ पासून कायद्याची मर्यादा आहे: दर व्यवहाराला २१ सेंट, त्यावर रकमेच्या ०.०५ टक्के, आणि फसवणूक रोखण्यासाठी फार तर आणखी एक सेंट. म्हणजे पन्नास डॉलरच्या खरेदीला जेमतेम पंचवीस सेंट. खऱ्या क्रेडिट कार्डाला हा खर्च दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एक डॉलर.

एक गैरसमज मात्र तिथल्या आपल्या मंडळींतही सर्रास आहे. डेबिट कार्डावर क्रेडिट दाबलं की क्रेडिट कार्डाचं कायदेशीर संरक्षण मिळतं, असं लोक समजतात. तसं नाही. कायदा कार्ड कोणतं ते पाहतो, बटण पाहत नाही.

हा कायदा मी अनुभवाने शिकले. चौथं वर्ष होतं. हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर डेबिट कार्ड मशीनला लावलं, टाकी भरली आणि निघाले. चारेक दिवसांनी शनिवारी सकाळी फोन पाहिला तर खात्यात अकरा डॉलर. मी कधी पाऊलही न ठेवलेल्या शहरात तीन खरेद्या झालेल्या. पंपाच्या मशीनला कुणीतरी कार्ड वाचणारं यंत्र चिकटवलं असणार, असं बँकेने सांगितलं. मी तासाभरात फोन केला होता. बँकेची बाई नीट बोलली, तक्रार नोंदवली, कार्ड बंद केलं. पण सोमवारी घरभाड्याचा चेक परत आला. गॅस-विजेचं बिल अडकलं. मुलगी दोन वर्षांची होती, आणि मी शेजारच्या तेलुगू मैत्रिणीकडून सहाशे डॉलर उसने आणले. माझं स्वतःचं, कष्टाचं, कुणाचं एक पैशाचं देणं नसलेलं खातं, आणि उसनवारी मीच करत होते.

तिथला कायदा म्हणतो की अशा तक्रारीचा तपास बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत पुरा करावा, नाहीतर तेवढी रक्कम तात्पुरती परत करून पुढे तपास चालू ठेवावा. माझे पैसे दहाव्या दिवशी आले, सगळे आले. पण मधले ते दिवस माझे होते.

दीड वर्षाने तसंच क्रेडिट कार्डावर झालं. कुणीतरी नऊशे डॉलरची ऑनलाइन खरेदी केली. मी फोन केला, त्यांनी ती रक्कम बिलातून बाजूला काढली, नवं कार्ड पाठवलं. माझ्या खात्यातला एक सेंट हलला नाही, भाडं वेळेवर गेलं. १९७० च्या कायद्याने क्रेडिट कार्डाच्या बेकायदा वापरात ग्राहकाची जबाबदारी पन्नास डॉलरच्या वर जात नाही आणि १९७४ च्या कायद्याने वाद चालू असेपर्यंत वादातली रक्कम भरावी लागत नाही. डेबिटचा कायदा १९७८ चा. कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं आणि कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत सांगितलं तर पन्नास डॉलर, उशीर केला तर पाचशे, आणि स्टेटमेंट आल्यावर साठ दिवस गप्प बसलात तर त्यानंतर गेलेले सगळे तुमचे.

म्हणजे नानांचा प्रश्न मी तिकडे रोज विचारते, पण उत्तर उलटं लागतं. पैसा आपला का बँकेचा? चोर आला तर तो बँकेचा असलेला बरा. बँकेचा पैसा अडकला की बँक धावते, आपला अडकला की आपल्याला धावावं लागतं. म्हणून ओहायोत पेट्रोल, ऑनलाइन खरेदी, हॉटेल, विमानाचं तिकीट हे सगळं मी क्रेडिट कार्डावरच घेते आणि महिन्याचं पूर्ण बिल देय तारखेच्या आधी भरते. डेबिट कार्ड फक्त बँकेच्या एटीएमला.

दुसरं कारण पत. गावात नानांची पत कुणाला मोजावी लागली नाही. दुकानदार चेहरा पाहून पोती भरून द्यायचा. ओहायोतल्या कोलंबस शहरात माझा चेहरा कोण ओळखणार? घर भाड्याने घ्यायला गेले तर आधी ३०० ते ८५० मधला पत मोजणारा आकडा, म्हणजे क्रेडिट स्कोअर, विचारला, आणि माझा आकडाच नव्हता, कारण मी तिथे कधी कर्ज घेतलं नव्हतं. पाचशे डॉलर बँकेकडे अनामत ठेवून तेवढ्याच मर्यादेचं कार्ड मिळवलं, तिथून माझी पत सुरू झाली. डेबिट कार्ड दहा वर्षं वापरलं तरी त्याची त्या आकड्यात नोंद होत नाही. आपल्याकडे सिबिलचा आकडा ३०० ते ९०० असतो. उद्या घरासाठी कर्ज काढायचं झालं तर तो भाच्यालाही लागणार आहे.

पण म्हणून मी नानांना क्रेडिट कार्ड घ्या म्हणेन का? नाही. इथे माझं आणि तिकडे राहणाऱ्या बऱ्याच मराठी मित्रांचं जमत नाही. सुट्टीवर आले की ते सगळ्यांना तोच सल्ला देतात.

क्रेडिट कार्डाचं घड्याळ महिन्याचं आहे. खरेदीपासून फार तर पन्नासेक दिवस बिनव्याजी मिळतात. पगारदाराला ते चालतं, कारण त्याच्या खात्यात दर महिन्याला पैसे येतात. खानदेशातल्या शेतकऱ्याचं घड्याळ आखाजी ते आखाजी चालतं. आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षभराच्या गड्याचं, साल ठरतं, उचल दिली जाते. जूनमध्ये बियाणं, खत. कापसाचा पैसा हातात पडायला दिवाळी उलटून जाते. समजा जूनमध्ये चाळीस हजारांचं खत क्रेडिट कार्डावर घेतलं आणि पूर्ण फेड नोव्हेंबरात केली. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे चौदाशे रुपये व्याज, पाच महिन्यांचे सात हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे बाराशे साठ. मधे किमान रक्कम भरत राहिलात तर थोडं कमी. शिवाय एकदा बिल अपुरं भरलं की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ही गोष्ट कार्ड विकणारा पोरगा सांगत नाही. तेच चाळीस हजार पीककर्जातून सात टक्क्यांनी घेतले तर पाच महिन्यांचं व्याज होतं ११६७ रुपये. वेळेत फेडलं तर तीन टक्के सवलत, म्हणजे ६६७.

आणि पीककर्जाचं ते कार्ड नानांच्या पेटीत कित्येक वर्षांपासून आहे. किसान क्रेडिट कार्ड, योजना १९९८ ची. नाना त्याला कधी क्रेडिट कार्ड म्हणत नाहीत, केसीसी म्हणतात, आणि दर वर्षी न चुकता नवं-जुनं करतात, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं घेतात. तेव्हा नाना उधारीच्या विरोधात आहेत हे मला पटत नाही. पिकाच्या आधी फेड मागणारी उधारी त्यांना नको आहे, आणि त्यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. अमेरिकेत कार्डाचं व्याज वर्षाला वीस-बावीस टक्के, तेही जीवघेणं. आपल्याकडे साडेतीनने बेचाळीस.

चोरीची गोष्टही आपल्याकडे वेगळी आहे. दुकानात पाच हजारांच्या वर पिन लागतो, ऑनलाइनला ओटीपी. माझ्या बाबतीत झालं तसं नुसतं कार्ड वाचून खातं रिकामं करणं इथे अवघड आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याचीच असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार. चांगला नियम आहे. पण ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. अमेरिकेत ग्राहकाच्या निष्काळजीपणाचं कारण देऊन बँकेला त्याची जबाबदारी वाढवता येत नाही. आपल्याकडे मात्र फसवणूक होते ती बहुतेक ओटीपी काढून घेऊनच. म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसांना जिथे आधार हवा, नेमका तिथेच नियम हात वर करतो. हे बदललं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. डेबिट का क्रेडिट या वादापेक्षा गावागावांत यावर बोलणं व्हायला हवं.

दुकानदाराचंही सांगते. रुपे डेबिट आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून त्याला शुल्क नाही. क्रेडिट कार्डावरच्या शुल्काला मर्यादा नाही, म्हणून जळगावच्या सराफाकडे "कार्डावर दोन टक्के जास्त" हे ऐकायला मिळतं. लाखाच्या सोन्याला दोन हजार. तिथे डेबिट कार्ड काढावं, सरळ.

आपला पैसा आहे म्हणून तो सुरक्षित, हे मात्र मी नानांनाही मान्य करू देणार नाही. जिल्ह्यातल्या पतसंस्था बुडाल्या तेव्हा नानांची ठेव अडकली होती. मोठ्या बहिणीच्या लग्नाचे पैसे होते ते. कर्ज एक रुपयाचं नव्हतं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, हे आम्हाला ठेव अडकल्यावर कळलं.

निघायच्या आधल्या दिवशी नाना, भाऊ आणि मी अमळनेरला जाऊन नानांच्या नावाने दुसरं बचत खातं उघडलं. कापसाचे, पीकविम्याचे पैसे जुन्या खात्यातच येतील. त्याच्या डेबिट कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ॲपमधून बंद केले, एटीएमची मर्यादा कमी केली. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ही सोय प्रत्येक बँकेला द्यायला लावलीय आणि गावात मी विचारलं त्यातल्या एकालाही ती माहीत नव्हती. नव्या खात्यात दहा हजार ठेवले. बाजाराला जाताना त्याचंच कार्ड खिशात. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर नानांच्या फोनमध्ये सगळ्यात वर टाकला.

भाच्याने कार्ड घेतलं. रात्री ओट्यावर बसून तो त्याचं बिल पगाराच्या खात्याला जोडत होता. पडद्यावर दोन गोल होते, 'किमान रक्कम' आणि 'पूर्ण रक्कम', आणि खूण आधीच किमानवर होती. नाना चष्मा लावून वाकून बघत होते.

"हाई किमान म्हंजे काय?"

भाच्याने सांगितलं. बिल वीस हजारांचं असेल तर हजार भरायचे, बाकीच्यावर व्याज चालू.

"पुरं दाब," नाना म्हणाले, आणि तो दाबेपर्यंत तिथून हलले नाहीत.