‘मल्टी-जिम घ्या, सगळं येतं त्यात’: हा सल्ला का पटत नाही

घरी व्यायामाची जागा करू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेला एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातो आहे. मला तो एका आठवड्यात तिघांनी पाठवला. त्यातले दोघं तर मशीनची ऑर्डर देण्याच्या बेतात होते. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: घरासाठी एक मल्टी-जिम (एकाच सांगाड्यावर केबल, पुली आणि वजनाच्या पट्ट्यांचा गठ्ठा बसवलेलं यंत्र) घ्या, त्यात सगळे व्यायाम होतात. रॉड (दोन्ही टोकांना प्लेटा चढवायचा लांब दांडा) आणि मोकळी वजनं धोक्याची, त्यांनी गुडघे आणि पाठ कामातून जाते. लहान खोलीत मशीनच मावतं. नुसतं ‘टोन’ व्हायचं असेल तर दोन-तीन किलोचे डंबेल पुरे. रबरी बँड म्हणजे खेळणं. वजनांनी स्लॅबला धोका असतो. आणि शेवटी, घ्यायचं ते सगळं एकदाच घ्या.

मी नऊ वर्षं घरीच वजनं उचलते आहे आणि माझी सुरुवात अशाच एका मल्टी-जिमने झाली होती. त्यामुळे यातला एकेक मुद्दा मी वापरून पाहिलेला आहे.

‘मल्टी-जिममध्ये सगळे व्यायाम होतात.’

हे यंत्र मुळात कशासाठी आलं ते बघा. अमेरिकेत हॅरॉल्ड झिंकिन यांनी १९५७ साली ‘युनिव्हर्सल’ नावाचं यंत्र तयार केलं. एकाच सांगाड्याभोवती निरनिराळ्या जागा होत्या. एक जण छातीचा व्यायाम करत असताना दुसऱ्याला पाठीचा, तिसऱ्याला पायांचा करता यायचा. जिथे एका वेळी दहा-वीस जण व्यायामाला येतात तिथे ही सोय फार मोठी. घरात एका वेळी बहुतेक एकच माणूस व्यायाम करतो, आणि घरगुती मॉडेलमध्ये सगळ्या जागांना मिळून वजनाचा गठ्ठाही बहुधा एकच असतो. म्हणजे ज्या गुणासाठी ते यंत्र बनलं तोच घरात निरुपयोगी ठरतो, आणि उरतो तो सांगाडा.

‘सगळे व्यायाम’ हेही खरं नाही. खाली वाकून जमिनीवरचं वजन उचलणं, वजन घेऊन पूर्ण बैठक मारणं, वजन हातात घेऊन चालणं, या तीन हालचाली बहुतेक घरगुती मल्टी-जिमवर नीट होत नाहीत. रोजच्या जगण्यात आपल्याला लागतात त्या नेमक्या याच. पायांसाठी तिथे असतो तो खुर्चीत बसून नडगीने रोलर वर ढकलण्याचा प्रकार. तो करताना गुडघ्याचा सांधा आणि यंत्राची खीळ (जिच्याभोवती रोलरचा दांडा फिरतो ती) एका रेषेत यायला हवी. पाच फुटांच्या आणि सहा फुटांच्या माणसाची मांडी सारख्या लांबीची नसते, आणि स्वस्त मॉडेलमध्ये पाठीची गादी पुढेमागे सरकत नाही. मी त्यावर बसले की माझा गुडघा खिळीच्या चार बोटं मागे राहायचा. रोलर नडगीवरून घसरत घोट्याकडे यायचा आणि दर सेटला, म्हणजे सलग केलेल्या आवर्तनांच्या दर फेरीला, मला पुढे सरकून बसावं लागायचं.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि साधन निवडताना मी हीच कसोटी सगळ्यात वर ठेवते. वजन किती लहान पायरीने वाढवता येतं, आणि किती वरपर्यंत? मल्टी-जिमच्या गठ्ठ्यातली एकेक पट्टी साधारण ५ किलोची असते. पायांना ५ किलोची वाढ सहज झेपते. खांद्याच्या व्यायामात १० वरून १५ वर जाणं म्हणजे एकदम दीडपट, आणि दीडपट वजन कुणाचाही खांदा एका आठवड्यात स्वीकारत नाही. मग माणूस दहावरच अडकतो, महिनोन् महिने. त्यात भर म्हणजे पट्टीवर छापलेला आकडाही खरा असेलच असं नाही. केबल ज्या रीतीने पुलीवरून फिरवलेली असते त्यानुसार कुठे हाताला निम्मंच वजन लागतं, कुठे पूर्ण.

वाढत्या वजनाची ही गोष्ट नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे पाय पुन्हा उभे करायला पायाला लोखंडी बूट बांधून वजनं उचलायला लावली. आधी पेलेल तेवढं, मग जसजशी ताकद येईल तसतसं जास्त. १९४५ साली त्यांनी ही पद्धत मांडली. साधन होतं एक बूट आणि काही प्लेटा. त्यातली किमया वजन हळूहळू वाढवण्याची होती, आणि आजही ती तीच आहे.

‘मोकळी वजनं धोक्याची, मशीन सुरक्षित.’

या भीतीत तथ्याचा एक अंश आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे मजकूर सांगत नाही. घरात एकट्याने बेंचवर आडवं होऊन छातीवर रॉड घेणं हे खरोखर धोक्याचं आहे. शेवटचा रेप (म्हणजे शेवटचं आवर्तन) वर गेला नाही तर रॉड छातीवर किंवा गळ्यावर येतो आणि उचलायला कोणी नसतं. म्हणून बारबेलने, म्हणजे रॉडने, हा बेंच प्रेस करायचा असेल तर दोन्ही बाजूंना सेफ्टी आर्म (निसटलेला रॉड अडवणारे आडवे दांडे) असलेला रॅक, म्हणजे रॉड ठेवायचा उभा सांगाडा, हवाच, आणि ते आर्म छातीच्या उंचीच्या जेमतेम खाली लावलेले हवेत. रॅक नसेल तर बेंच प्रेस डंबेलने करा. जमलं नाही तर दोन्ही हात बाजूला सोडता येतात. जमिनीवर पडून केलं तर त्याहून बरं, कारण कोपर जमिनीला टेकलं की वजन तिथेच थांबतं.

दुसरी जागा आहे डंबेलचा नट. आटे पाडलेला दांडा आणि चांदणीच्या आकाराचा नट, अशा डंबेलमध्ये वापरता वापरता नट सैल होतो. पहिल्या सेटला वजन मुकं असतं. तिसऱ्या सेटला प्लेटा एकमेकींवर आपटल्याचा बारीक खळखळाट ऐकू येतो. तो ऐकला की तिथेच थांबायचं, डंबेल खाली ठेवायचं, नट आवळायचा. नटाच्या आतली रबरी चकती झिजली असेल तर बदलायची. डोक्यावर वजन नेण्याच्या व्यायामाआधी तर दर वेळी हाताने चाचपून पाहायचं. एवढं केलं तर मोकळ्या वजनांचा बराचसा धोका आटोक्यात येतो.

मशीन सुरक्षित म्हणणाऱ्यांनी केबलकडे कधी पाहिलंय का? माझ्या मशीनची केबल तिसऱ्या वर्षी पुलीपाशी उसवली. वरचं प्लॅस्टिक फाटून आतली तार केसांसारखी पिंजारून बाहेर आली होती. ओढत असताना तुटली असती तर दांडा थेट तोंडावर आला असता. विकणाऱ्याने त्या मापाची केबल मिळत नाही म्हणून हात वर केले, आणि अख्खं यंत्र एका तारेपायी पडून राहिलं. घरात लहान मुलं असतील तर वर-खाली होणाऱ्या गठ्ठ्यात बोटं सापडण्याची भीती वेगळीच.

आता गुडघ्यांचं. खोल बैठकीने गुडघे जातात ही समजूत पसरायला मोठा हातभार लावला तो १९६१ साली टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांच्या निष्कर्षांनी. खोल बैठकीने गुडघ्याचे बंध सैल होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. साठ वर्षं उलटली तरी समजूत मात्र तशीच आहे. गुडघा आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, हे आलंच. पण धडधाकट माणसाला बैठकीपासून दूर ठेवणं म्हणजे म्हातारपणी खुर्चीतून उठायला लागणारी ताकद त्याच्याकडून आजच काढून घेणं आहे. माझ्या आईने सहासष्टाव्या वर्षी खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून सुरुवात केली. आता ती ६ किलोचं एक डंबेल छातीशी धरून तेच करते, दहा-दहाचे तीन सेट. हे मशीनवर कसं झालं असतं?

‘लहान खोलीत मशीनच मावतं.’

टेप घेऊन मोजा. पुरुषांच्या स्पर्धेतला रॉड २.२ मीटर लांब असतो. प्लेटा चढवायला दोन्ही टोकांना हातभर तरी मोकळी जागा लागते. म्हणजे खोलीची ती बाजू तीन मीटरच्या आत असेल तर पूर्ण लांबीचा रॉड घेऊ नका. इथे मजकुराशी माझं भांडण नाही. पण यातून ‘मशीन घ्या’ हा निष्कर्ष निघत नाही. दोन डंबेल आणि घडी होणारं बेंच यांना साधारण दोन मीटर बाय दीड मीटर जमीन पुरते, आणि व्यायाम झाला की ती जमीन पुन्हा मोकळी होते. मल्टी-जिम ती जागा कायमची घेतं, शिवाय तुम्ही बसता, हात पसरता, पाय ढकलता त्याची जागा वेगळी.

‘टोन व्हायचं असेल तर हलके डंबेल पुरे.’

टोन नावाची वेगळी प्रक्रिया शरीरात नाही. स्नायू वाढतो आणि त्यावरची चरबी कमी होते, तेव्हा जो आकार दिसतो त्याला लोक टोन म्हणतात. हलक्या वजनानेही स्नायू वाढतो हे खरं आहे, पण सेट जवळजवळ दमछाक होईपर्यंत नेला तरच. दोन किलोने पंचवीस रेप करून गप्पा मारता येत असतील तर त्या सेटचा स्नायूला फारसा उपयोग झालेला नाही. आणि निव्वळ ताकद वाढवायची तर जड वजनाला पर्याय नाही. हा सल्ला बहुतेक वेळा बायकांना दिला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वयाबरोबर हाडं ठिसूळ होण्याचा धोका बायकांना जास्त, आणि हाडांना भक्कम राहायला भार लागतो.

पायांसाठी जड वजन घरी आणायचं कुठून, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एका पायावर आहे. मागचा पाय बेंचवर ठेवून पुढच्या पायावर बैठक मारा, दोन्ही हातांत १५-१५ किलो घेऊन. आठव्या रेपला कळेल.

बँड खेळणं नाही. फक्त त्याचा स्वभाव ओळखायला हवा: ताणाल तसा तो जड होत जातो, म्हणून सुरुवातीला हलका आणि शेवटी जड. पाठीच्या ओढण्याच्या व्यायामांना आणि सुरुवातीला पुल-अपला (बारला लटकून अंग वर ओढण्याला) आधार म्हणून उत्तम. उन्हात ठेवू नका, बारीक चीर दिसली की फेकून द्या.

स्लॅबबद्दल: अनेक देशांच्या बांधकाम नियमांत राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलो भार धरून आखलेली असते. शंभर लिटरचं मासे ठेवण्याचं टाकं नुसत्या पाण्यानेच शंभर किलो भरतं, आणि ते तर एका जागी वर्षानुवर्षं असतं. वजनं ठेवल्याने काही होत नाही. आपटू मात्र नका. जाड रबरी मॅट टाका आणि वजन हाताने खाली ठेवा.

‘सगळं एकदाच घ्या.’

उलट करा. आधी वजन बदलता येणारे दोन डंबेल, प्रत्येकी २० किलोपर्यंत जाणारे, आणि सोबत अर्ध्या किलोच्या चार चकत्या. दोन्ही टोकांना एकेक लावली की एका डंबेलला एकच किलो वाढतो, आणि खांद्याला तेवढंच हवं असतं. चकती फिरवून वजन निवडायचे डंबेल जागा वाचवतात, पण ते पडले तर आतली यंत्रणा बिघडते, हे लक्षात ठेवून घ्या. मग पुल-अप बार, पण दाराची चौकट हलवून बघितल्याशिवाय नाही. दोन-तीन महिन्यांनी बेंच. बेंचवर लिहिलेली वजनाची मर्यादा ही तुमचं वजन आणि हातातलं वजन मिळून असते. सत्तर किलोच्या माणसाने चाळीस किलो उचललं की एकशे दहा झालेच.

रॉड आणि रॅक सगळ्यात शेवटी, तेही खोली मोजून. आणि रॉड घेण्याच्या बेतात असाल तर एक गोष्ट आजच ठरवा. प्लेटांची भोकं दोन मापांत येतात, साधारण २५ मिलिमीटर आणि ५० मिलिमीटर. लहान भोकाची प्लेट जाड टोकाच्या रॉडवर चढतच नाही. डंबेलचे दांडे बहुतेक बारीक मापाचे असतात, म्हणून लहान खोलीत बारीक मापाचाच आखूड रॉड घेतला तर त्याच प्लेटा दोन्हीकडे चालतात. पण असे रॉड फार वजन पेलत नाहीत, शंभर किलोच्या पुढे जायचा विचार असेल तर पहिल्यापासून ५० मिलिमीटरच घ्या.