दाढेतला पारा

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४३ अंशांवर गेला तरी आम्ही त्याची फारशी दखल घेत नाही. पण तोच पारा गेली सत्तावीस वर्षे माझ्या खालच्या डाव्या दाढेत मुक्कामाला आहे, हे कळल्यावर मी पंख्याखाली बसूनही घामाघूम झालो. ही वार्ता पुण्याच्या मेहुण्यांनी घरच्या ग्रुपवर पाठवली होती: 'दातातली चांदी म्हणजे निम्मा पारा!' आजवर मी त्या दाढेकडे ऐवज म्हणून पाहत होतो आणि एवढा एकच डाग लॉकरबाहेर राहिल्याची खंत सौ.ही अधूनमधून बोलून दाखवत असे.

खरे तर ही चांदी माझ्या डोळ्यांदेखतच तयार झाली होती. त्या वेळच्या डॉक्टरांनी छोट्याशा खलात पारा आणि धातूची भुकटी घोटली, फडक्यात धरून जास्तीचा पारा पिळून काढला आणि तो लगदा दाढेत दाबला, तेव्हा ताज्या बर्फावर पाय पडावा तसा कुरकुर आवाज थेट कवटीत घुमला होता. पारा शब्द त्यांनी उच्चारलाही असेल. पण तोंडात कापूस असताना माणूस उलटतपासणी घेत नाही.

रात्री मोबाइलवर वाचत बसलो आणि जपानमधील मिनामाताला जाऊन पोहोचलो. तिथल्या कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांत गेला आणि पुढे २०१३ मध्ये त्याच गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. आपली दाढ जागतिक कराराच्या कक्षेत येते, या विचाराने क्षणभर अभिमानही वाटला. पारा अंगात भिनल्याचे लक्षण म्हणून मी माझा विसराळूपणा पुढे केला, पण ते सौ.ला पटले नाही, कारण तो चांदी भरण्याच्या आधीपासूनचा असल्याची साक्ष द्यायला ती स्वतःच हजर होती. मी जांभई दिली की मान फिरवायला मात्र तिने सुरुवात केली.

शेवटी सात रस्त्याजवळचा दवाखाना गाठला आणि "एवढी दाढ निर्विष करून द्या," अशी विनंती केली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या.

"काका, निम्मा पारा हे खरे आहे, पण तो चांदी, कथील आणि तांब्याशी जखडलेला असतो. चावताना अगदी किंचित वाफ निघते. माशांतला पारा वेगळ्या जातीचा. उलट, धडधाकट भरण यंत्राने उकरले तर एरवीपेक्षा जास्त वाफ त्या उकरण्यातच सुटते."

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिलेला सल्लाही त्यांनी सांगितला. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे विकार असलेले रुग्ण यांना हे भरण नव्याने करणे शक्यतो टाळावे. मात्र सुस्थितीतले जुने भरण निव्वळ भीतीपोटी काढू नये. या यादीत मी स्वतःला बराच शोधला, पण सहाव्या वर्षाची मुदत संपून बावन्न वर्षे झाली होती.

"मग युरोपने २०२५ पासून बंदी का घातली?" हा मेहुण्यांचा हुकमी पत्ता मी टाकला.

"पारा पाण्यात, मातीत जाऊ नये म्हणून. वैद्यकीय गरज असेल तर तिथेही सवलत आहे. आम्हीसुद्धा आता पांढरेच भरतो. आ करा."

त्यांनी टोकदार हत्याराने दाढ चाचपली. कडा शाबूत. मग हत्यार शेजारच्या दातावर गेले आणि तिथेच थबकले.

"हे पांढरे कधी भरलेत?"

"दोन वर्षांपूर्वी. मेहुणे म्हणाले, दिसायला बरे."

"अर्धे उडाले आहे. तुकडा कुठे गेला?"

मला रविवारची कडक भाकरी आठवली. शेंगाचटणीबरोबर खाताना एक घास विशेषच कुरकुरीत लागला होता आणि मी सौ.चे कौतुक करून तो गिळला होता.

पांढऱ्याची दुरुस्ती पुढल्या मंगळवारी ठरली. तोवर त्या दाताला जपायचे म्हणून मी भाकरी आमटीत भिजवून, एकेक घास मागे सरकवत, पाऱ्याच्या भरवशावर चावतो आहे.