जेरुसलेमचे तीन दिवस, शिर्डीचे तीन दिवस

टेक्सासच्या 1876 च्या राज्यघटनेतलं एक कलम आजही तसंच छापलं जातं. धार्मिक मतांमुळे कुणालाही सरकारी पदापासून दूर ठेवता येणार नाही, असं ते म्हणतं आणि त्याच दमात अट घालतं: मात्र त्या माणसाला परमेश्वराचं अस्तित्व मान्य असलं पाहिजे. ही अट आता लागू करता येत नाही. मेरीलँडमध्ये टोरकासो नावाच्या गृहस्थाला नोटरी व्हायचं होतं, देव मानतो असं जाहीर करायला त्याने नकार दिला, आणि 1961 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथली अशीच अट मोडीत काढली. टेक्सासच्या घटनेतून ते शब्द खोडायची तसदी मात्र कुणी घेतलेली नाही. आपल्याकडे एखादा नास्तिक आमदार झाला तर 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणायचं की 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो' म्हणायचं, हे तो स्वतः ठरवतो. कागदावर कोल्हापूर डॅलसच्या पुढे आहे. कागदावर.

मी मूळचा कोल्हापूरचा, राहतो टेक्सासमधल्या डॅलसच्या एका उपनगरात. इथे चर्चची पार्किंगं आपल्या शिवाजी स्टेडियमपेक्षा मोठी असतात. 2025 मध्ये राज्याने सरकारी शाळांच्या वर्गावर्गांत दहा आज्ञा लावायचा कायदा केला आणि तो लगेच कोर्टात गेला. पण मला इथली खरी नवलाई वाटते ती अपॉलोजेटिक्सची, म्हणजे श्रद्धा तर्काने आणि पुराव्याने सिद्ध करून दाखवायच्या शास्त्राची. त्याचे अभ्यासक्रम आहेत, पदव्या आहेत, भरगच्च सभागृहांत नास्तिकांशी रंगणारे वादविवाद आहेत. शेजारी बार्बेक्यूला बोलावतो आणि हातात कोक देता देता विचारतो, 'विश्वाला सुरुवात आहे ना? मग त्याला कारण नको?' हा 'कलाम' युक्तिवाद. मूळचा मध्ययुगीन मुस्लिम धर्मपंडितांचा, अल-गझालीने मांडलेला, आणि 1979 पासून विल्यम लेन क्रेग या अमेरिकन तत्त्वज्ञाने ख्रिस्ती जगात गाजवलेला. त्यातून फार तर 'काहीतरी कारण असावं' एवढंच निघतं. ते कारण बेथलेहेमला जन्मलं आणि रविवारी सकाळी हजेरी मागतं, हे त्यातून कसं निघतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आपल्या कुमारिल भट्टाने तेराशेएक वर्षांपूर्वी विचारलेलं होतंच की निर्मात्याला शरीर होतं का, आणि निर्मितीची गरज काय पडली? तो कट्टर वेदप्रामाण्यवादी होता, हे विशेष.

कलाम वगैरे ठीक आहे. यांचा सगळा भार आहे पुनरुत्थानावर. येशू क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली, शिष्यांना तो जिवंत दिसला, आणि या सगळ्याला ऐतिहासिक पुरावा आहे. पुरावा म्हणजे काय, तर बायबलमधलं, आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, घटनेनंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेलं. त्यात तो म्हणतो की येशू एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना दिसला. नावं नाहीत, गाव नाही, आणि येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत या पाचशे जणांचा पत्ता नाही. सगळ्यांत जुनं मार्कचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक इसवी सन 70 च्या आसपासचं मानतात, म्हणजे घटनेनंतर चाळीसएक वर्षांनी. त्याच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत पुनरुत्थित येशू कुणाला दिसतच नाही. बायका कबरीपासून घाबरून पळतात आणि ग्रंथ संपतो. मत्तय तर सांगतो की त्या वेळी इतर कबरीही उघडल्या आणि पुष्कळ संत शहरात जाऊन लोकांना दिसले. अख्ख्या जेरुसलेममध्ये मेलेली माणसं फिरत होती आणि बाकीच्या तिघांना ते नोंदवावंसं वाटलं नाही!

इथे मराठी माणसाला एक सोय आहे, जी जन्माने ख्रिस्ती असलेल्या शेजाऱ्याला नाही. अशाच पुराव्यांत मी लहानाचा मोठा झालो. साईसच्चरितातली गोष्ट घ्या. 1886 साली साईबाबा म्हाळसापतींना म्हणाले, तीन दिवस माझं शरीर सांभाळ, नाही परतलो तर पुरून टाक. श्वास थांबला. गावकरी दफनाची तयारी करू लागले, म्हाळसापती अडून बसले, आणि तीन दिवसांनी बाबा उठले. इथे वर्ष आहे, ठिकाण आहे, साक्षीदार नावानिशी आहे. तो खंडोबाचा पुजारी होता आणि 1922 पर्यंत हयात होता. ग्रंथ लिहिणारे हेमाडपंत स्वतः बाबांना भेटलेले. पुस्तक 1930 च्या सुमारास आलं, म्हणजे घटना आणि ग्रंथ यांतलं अंतर जवळपास मार्कएवढंच. (हेमाडपंतांचं आडनाव दाभोळकर. महाराष्ट्राच्या इतिहासाला विनोदबुद्धी आहे.)

शेजाऱ्याला हे सांगितलं तर तो हसतो. मग दमा असेल, नाडी मंद झाली असेल, भक्तांनी पुढे रंगवून सांगितलं असेल, अशी एकेक शंका काढतो. सगळ्या शंका बरोबर. त्या तशाच उचलून दोन हजार वर्षं मागे नेल्या की मात्र त्याचा आवाज चढतो. 'पण शिष्य त्यासाठी मेले!' खोट्यासाठी कोण मरेल? अहो, माणसं ज्यावर त्यांचा विश्वास असतो त्यासाठी मरतात. मरण्याने विश्वास खरा होता एवढं कळतं, गोष्ट खरी होती हे कळत नाही. शिवाय बाराही शिष्यांच्या हौतात्म्याचा पुरावा नाहीच. एका याकोबाचा वध बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात आहे, पेत्राबद्दल जुनी परंपरा आहे, बऱ्याच जणांच्या बाबतीत नंतरच्या दंतकथा.

तरीही एका गोष्टीसाठी पौलाला मी मानतो. तो त्याच पत्रात लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. मान पुढे काढून ठेवलीय गड्याने. आमच्याकडे असं कुणी करत नाही. अंबाबाईचा किरणोत्सव बघा. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, देवीच्या पायांवर, मग वर सरकत चेहऱ्यापर्यंत. सूर्य कुठल्या दिवशी क्षितिजावर कुठे मावळतो हे ओळखून देऊळ बांधणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. आणि एखाद्या वर्षी ढग आले, हवेत बाष्प वाढलं, वाटेत कुणाची इमारत आडवी आली, किरणं गुडघ्यापर्यंतच पोचली, तरी देवळाबाहेरच्या रांगेत एकाचीही श्रद्धा डळमळत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: किरणांचा प्रवास कमरेपर्यंत. तिथे हरण्यासारखं काही पणाला लावलेलंच नाही.

म्हणून सुरुवातीला वाटायचं, इथे निदान वाद तरी होतो. मग क्रेग नीट वाचला. ख्रिस्ती धर्म खरा आहे हे 'दाखवणं' वेगळं आणि ते 'जाणणं' वेगळं, असं तो सरळ लिहितो. जाणलं जातं ते पवित्र आत्म्याच्या अंतरीच्या साक्षीने, आणि पुरावा त्या साक्षीच्या विरोधात गेला तर साक्षच वरचढ. मग ते वादविवाद, त्या पदव्या, ते पाचशे साक्षीदार कशाला? माझ्या आत्याला हे केव्हाच माहीत होतं. 'तुला प्रचिती यायचीय अजून,' एवढं म्हणून ती पानात भाकरी वाढायची. विषय संपला. तिने त्यासाठी सभागृह भाड्याने घेतलं नाही.

हे सगळं मी अधूनमधून मराठीत लिहितो, आणि गंमत तिथून सुरू होते. पुनरुत्थानावर लिहिलेलं कोल्हापुरात झपाट्याने फिरतं. 'भावा, नाद खुळा! मिशनऱ्यांची पार पोलखोल.' माझा धाकटा चुलतभाऊ ते पाच ग्रुपवर टाकतो. त्यातला शिर्डीचा परिच्छेद गाळून. मी विचारलं तर म्हणाला, 'दादा, तो जरा लांबत होता.'

ही सवय जुनी आहे. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. पलीकडच्याच्या धर्मग्रंथावर दोन्ही बाजूंची नजर अगदी तीक्ष्ण होती, स्वतःच्या ग्रंथाशी आली की मात्र मऊ व्हायची. आज फरक एवढाच की एका बाजूला मिशनरी उरलेला नाही. ब्रिटिश राज्य गेलं, आणि कोल्हापुरातला ख्रिस्ती म्हणजे शाळेतले माझे वर्गमित्र, वायल्डर चर्चमध्ये जाणारे, रंकाळ्यावर आमच्याच गाड्यावर भेळ खाणारे. डॅलसमध्ये मी येशूच्या कबरीबद्दल शंका काढतो तेव्हा बहुसंख्यांशी वाद घालतो. तेच वाक्य कोल्हापुरात, धर्मांतरबंदीच्या मागणीच्या घोषणांत, कुणाच्या प्रार्थनासभेच्या दाराशी जाऊन पोचतं. मी तिथे पाठवलेलं नसतं, पण त्यावर माझं नाव असतं.

आणि 'तांदळाच्या पोत्यासाठी बाटले' हा ख्रिस्ती झालेल्यांवरचा टोमणा तर पंडिता रमाबाईंना लावून बघा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्या त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर आपल्या अँग्लिकन गुरुभगिनींशी भांडत राहिल्या. कुमारीजन्म मला पटत नाही, रमाबाईंना शेवटी पटला. तो त्यांचा अधिकार. शाहू महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा सगळ्यांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, तेव्हा ख्रिस्ती मुलांसाठीही केलं. त्यांनी आधी पुनरुत्थानाचा पुरावा मागितल्याचं ऐकिवात नाही.

'हिंदू धर्मात नास्तिकालाही जागा आहे,' हे चुलतभावाचं दुसरं आवडतं वाक्य. चार्वाक, सांख्य, मीमांसा, सगळी नावं पाठ. इथल्या महाराष्ट्र मंडळातही हे वाक्य दर गणपतीत ऐकू येतं, बहुधा आरतीला न उठणाऱ्याकडे रोखून बघत. आगरकर हयात असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली होती, हे कुणी सांगत नाही. टिळकांबरोबर कोल्हापूर प्रकरणात 101 दिवस तुरुंगात काढलेला तो माणूस. इथे डॅलसमध्ये नास्तिकपणाची किंमत माझ्यापुरती थोडी आहे: एखादं निमंत्रण कमी, मुलांच्या मैत्रिणीच्या आईचा थोडा थंड चेहरा. कोल्हापुरात 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरून येताना गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चार दिवसांनी पानसरे गेले. त्यानंतर गावातली माणसं 'निर्भय मॉर्निंग वॉक' काढत राहिली, त्यांत देव मानणारेही होते. डॅलसमध्ये बसून धीट लिहिणं फारसं अवघड नाही, हे त्या माणसांकडे पाहिल्यावर कळतं.

नाताळ जवळ आला की चुलतभावाचा फोन येतोच. 'दादा, यंदा त्या कुमारी मातेवर टाक की एक जोरदार.'

'टाकतो. सुरुवात कुंती आणि सूर्यनारायणापासून करतो. चालेल?'

'मग राहू दे. थंडी कशी आहे तिकडे?'